कंपोस्टमधला एक मिलिमीटरचा शेजारी

जर्मनीत आलेल्या माणसाला पहिल्याच महिन्यात एक शब्द शिकावा लागतो: डाउअरआउफट्राग. घरभाडे दर महिन्याला आपोआप जावे म्हणून बँकेला देऊन ठेवलेली कायमची सूचना. मग हळूहळू डाउअरकार्टे कळते, शेजारच्या आजींच्या कुरळ्या केसांना डाउअरवेले म्हणतात हेही कळते. डाउअर म्हणजे टिकणे, चालू राहणे. हाच जर्मन शब्द जगभरच्या काही प्रयोगशाळांत, अगदी मुंबईच्या टीआयएफआरमध्येसुद्धा, रोज उच्चारला जातो. तिथे तो एका अळीच्या अवस्थेचे नाव आहे, आणि ती अळी बहुधा तुमच्या क्लाइनगार्टनच्या कंपोस्टमध्ये आत्ता, हे वाचत असताना, मजेत पडलेली असेल.

तिचे पूर्ण नाव सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स. आम्ही रोज तिच्याशी बोलणारे लोक तिला ‘एलेगन्स’ म्हणतो. ही सूत्रकृमी, म्हणजे जंतांच्या, नारूच्या आणि हत्तीपायाच्या कृमीच्या गोतावळ्यातली. पण ही कुणाच्या पोटात राहत नाही, कुणाला त्रास देत नाही. कुजक्या फळांवरचे जिवाणू खाऊन जगते. हे माझ्या आईला पटवायला मला दोन वर्षे लागली. “एवढं शिकून जर्मनीत जाऊन शेवटी जंतच का?” हा तिचा प्रश्न. आमच्या लहानपणी वर्षातून एकदा जंताचे औषध पाजण्याचा कार्यक्रम तिच्याच देखरेखीखाली पार पडे, त्यामुळे तिचा पूर्वग्रह समजण्यासारखा आहे. नारू तर तिच्या आईने डोळ्यांनी पाहिलेला, पायऱ्यांच्या विहिरीवरचे पाणी पिणाऱ्यांच्या पायातून निघणारा. भारत त्यातून २००० साली अधिकृतपणे मुक्त झाला.

एलेगन्स लांबीने जेमतेम एक मिलिमीटर. काचेसारखी पारदर्शक. प्रौढ उभयलिंगी अळीच्या शरीरात ९५९ पेशी, त्यांतल्या ३०२ चेतापेशी. ना कमी ना जास्त. एका पेशीच्या अंड्यापासून ही प्रत्येक पेशी कोणत्या पेशीची लेक आणि कोणाची नात, याची पूर्ण वंशावळ माणसाने लिहून काढली आहे. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या गर्भावस्थेच्या वंशावळीवर जॉन सल्स्टन यांच्यासोबत आइनहार्ड शीरेनबेर्ग हे नाव आहे. शीरेनबेर्ग यांनी हे काम ग्योटिंगनच्या माक्स प्लांक संस्थेत सुरू केले होते, नंतर ते क्योल्नला गेले. आपल्याकडे नाशिकला नाहीतर त्र्यंबकेश्वरला गेले की भटजी चोपडी काढून सात पिढ्यांची नावे वाचून दाखवतात. तसेच काहीसे, फक्त इथे चोपडीत एकही ओळ राहिलेली नाही.

ही अळी प्रयोगशाळेत आणली सिडनी ब्रेनर यांनी, १९६०च्या दशकात. तेव्हापासून तिच्यावरच्या कामाला चार वेळा नोबेल मिळाले, अलीकडचे २०२४चे. बहुपेशीय प्राण्यांपैकी जिचा संपूर्ण जनुकसंच सर्वप्रथम वाचला गेला तीही हीच, १९९८ मध्ये. जनुके निघाली सुमारे वीस हजार. आपलीही साधारण तेवढीच आहेत, हे ऐकून अनेकांना अपमान वाटतो.

पण जनुके किती आहेत यापेक्षा त्यांतली आज कोणती वापरात आहेत हा प्रश्न मला जास्त गमतीचा वाटतो. इथे येताना बहुतेकींच्या बॅगेत आईने हाताने लिहून दिलेली पाककृतींची वही असते. त्यात चकली आहे, अळूचे फतफते आहे, बाळंतिणीचे डिंकाचे लाडूही आहेत. वही एकच, पण रोज सगळी पाने उघडत नाहीत. दिवाळीच्या आठवड्यात चकलीचे पान तेलकट होते, घरी कुणाला ताप आला की पेजेचे. शरीरातल्या प्रत्येक पेशीजवळ हीच पूर्ण वही आहे. संकटाच्या वेळी ती कोणते पान उघडते, म्हणजेच जनुकांची अभिव्यक्ती कशी बदलते, हे पाहायला अळीसारखा प्राणी नाही. एका ताटलीत हजारो अळ्या, सगळ्या जवळजवळ सारख्या, आणि त्यांच्यातला आरएनए काढून एका झटक्यात सगळ्या वीस हजार पानांची मोजणी करता येते.

आधी डाउअर. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला आजूबाजूला गर्दी जाणवली, अन्न कमी आणि उष्मा जास्त वाटला, तर ते नेहमीची वाढ सोडून एका आडवाटेला लागते. तोंड बंद होते, कातडी जाड होते, खाणे संपते. या अवस्थेत एरवी दोन-तीन आठवडे जगणारी अळी कित्येक महिने तग धरते. अन्नाचा सुगावा लागला की परत तोंड उघडून जणू मधे काही झालेच नाही अशी पुढे वाढते. निसर्गात सापडणाऱ्या पुष्कळ अळ्या याच अवस्थेत भेटतात. ही वाट ठरवणाऱ्या जनुकांना डाफ हे नाव पडले ते डाउअरवरूनच. १९९३ साली सिंथिया केन्यन यांनी दाखवले की डाफ-२ या एका जनुकात बिघाड झालेली अळी दुप्पट जगते. पुढे उलगडले की डाफ-२ हा इन्सुलिनसारख्या संप्रेरकांचा संदेश घेणारा अळीतला दरवाजा आहे. तोच इन्सुलिन, ज्याचे पेन आपल्या बहुतेक घरांतल्या फ्रिजच्या दारात असते.

हा दरवाजा उघडा असेपर्यंत डाफ-१६ नावाचे प्रथिन पेशीच्या केंद्रकाबाहेर बसून असते. उपासमार झाली किंवा ऊन लागले की ते आत शिरते आणि पाने उलटू लागते. त्याला हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाची शेपटी जोडली तर हे सूक्ष्मदर्शकातून चक्क दिसते: आधी सगळी अळी फिकट हिरवी, आणि थोड्या वेळाने प्रत्येक पेशीत एक हिरवा ठिपका. मी हे शेकडो वेळा पाहिले आहे, तरी दर वेळी बघत बसते. डाफ-१६ उघडते ती पाने वाचली तर त्यांत उष्णतेपासून वाचवणारी प्रथिने आहेत आणि जिवाणूंना मारणारीही. डाफ-२ बिघडलेल्या दीर्घायुषी अळ्या रोगजंतूंनाही जास्त दाद देत नाहीत. ताण आणि संसर्ग यांच्याविरुद्धच्या तयारीत काही पाने सामायिक आहेत, हे इथे पहिल्यांदा ठळक दिसले.

उष्णतेचे पान सापडले ते मात्र अपघाताने. १९६२ साली इटलीत फेरुच्चो रितोसा फळमाश्यांच्या गुणसूत्रांकडे पाहत होते. कुणीतरी इन्क्युबेटरचे तापमान वाढवून ठेवले होते, आणि गुणसूत्रांवर नेहमीच्या जागा सोडून भलत्याच जागी फुगवटे आले. गरमीने जनुके जागी होतात हे तिथून कळले. या जनुकांपासून बनणारी प्रथिने इतर प्रथिनांना आपल्या आकारात धरून ठेवतात. दुधाला उष्णता लागून ते नासावे तशी पेशीतली प्रथिने नासू नयेत, यासाठीची ही धडपड.

माझ्या वाट्यालाही असाच एक इन्क्युबेटर आला, फक्त त्यातून शोध लागला नाही. जुलैचा शनिवार, बाहेर ३६ अंश, आणि २० अंशांवर ठेवलेले यंत्र रात्रीत कधीतरी बंद पडून सकाळपर्यंत पुन्हा चालू झालेले. काट्यावर सगळे आलबेल. मी संसर्ग झालेल्या आणि न झालेल्या अळ्यांची तुलना करत होते. आकडे आले तेव्हा संसर्गाच्या पानांआधी उष्णतेची पाने उघडलेली दिसली, आणि तीही दोन्ही गटांत. अळ्यांनी चहाडी केली होती. तीन आठवड्यांचे काम कचऱ्यात गेले. पण त्या दिवशी एक पक्के कळले: अळीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ती देतेच, आपण नकळत विचारलेल्या प्रश्नाचेही देते. वर्तमानपत्रात ‘अमुक खाल्ल्याने अमुक जनुक जागे होते’ असे वाचले की मला आता पहिली आठवण त्या शनिवारची होते.

उष्णतेबाबतचे माझे सर्वांत आवडते काम वीणा प्रल्हाद यांचे आहे. २००८ साली अमेरिकेत रिचर्ड मोरिमोतो यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी दाखवले की आतड्याच्या पेशीने उष्णतेचे पान उघडायचे की नाही, हे ती पेशी एकटी ठरवत नाही. अळीच्या डोक्यात तापमान ओळखणाऱ्या दोन चेतापेशी आहेत. त्या निकामी केल्या तर उरलेले अंग उकडत असूनही नीट प्रतिसाद देत नाही. पुढे २०१७ मध्ये त्यांच्याच गटाने दाखवले की रोगजंतूचा नुसता वास आला तरी अळीची ही यंत्रणा सज्ज होऊन बसते. पाहुणे दारात यायच्या आधीच कणीक भिजवून ठेवावी तशी. ताण हा आधी डोक्यात आणि मग अंगात, हे आपल्या आज्या पुराव्याशिवाय म्हणत होत्या. अर्थात आज्या बरोबर निघाल्या म्हणून त्यांचे सगळेच बरोबर, असे नाही.

आता संसर्ग. आपल्याला रोगजंतू आला की प्रतिपिंडे तयार होतात, पांढऱ्या पेशी रक्तातून धावतात. अळीकडे यांतले काहीच नाही. रक्त नाही, प्रतिपिंडे नाहीत. तिच्याकडे आहे आतड्याची एक नळी आणि वीस हजार पाने. स्यूडोमोनास हा दवाखान्यांत छळणारा जिवाणू तिला खायला घातला तर ती दोन-तीन दिवसांत मरते. २००२ साली डेनिस किम आणि फ्रेडरिक ऑसुबेल यांच्या गटाने या जिवाणूपुढे लवकर हार मानणाऱ्या अळ्या निवडल्या आणि त्यांच्यात काय बिघडले ते शोधले. बिघडली होती पी-३८ नावाची संदेशांची साखळी. हीच साखळी आपल्या पेशींतही आहे. ती हलली की अळीच्या आतड्यात जिवाणूंच्या भिंती फोडणारी प्रथिने बनू लागतात. त्यांतला लायसोझाइम तर आपल्या अश्रूंत आणि लाळेतही असतो. वेगवेगळ्या रोगजंतूंना अळी वेगवेगळी पाने उघडते, काही थोडी समान. म्हणजे तिला नुसते ‘काहीतरी बिघडले’ एवढेच कळत नाही, पाहुणा कोण आहे याचाही अंदाज असतो.

आणि या तयारीची किंमत असते. २०१० साली किम यांच्याच गटाने एक चटका लावणारा प्रयोग केला. एकदम भरमसाट प्रथिने बनवायची तर पेशीच्या आतला कारखाना ताणला जातो. तो ताण सांभाळणारे एक्सबीपी-१ नावाचे जनुक त्यांनी पिल्लांतून काढले. ती पिल्ले स्यूडोमोनासवर वाढूच शकली नाहीत, मेली. मग त्यांनी पी-३८ची साखळीही तोडली, म्हणजे प्रतिकारच बंद केला, तेव्हा ती पिल्ले त्याच रोगजंतूवर वाढू लागली. त्यांचा जीव घेत होता तो स्वतःच्याच प्रतिकाराचा ताण. करोनाच्या पहिल्या वर्षी आपल्यापैकी किती जणांनी व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांकडून ऐकले की विषाणू उतरला आहे, पण शरीराची प्रतिक्रिया आवरत नाही. तेव्हा विमाने बंद होती. मला त्या दिवसांत ही मेलेली पिल्ले वारंवार आठवत होती.

जर्मनीत या विषयातले मोठे काम कीलच्या विद्यापीठात होते, हिनरिश शुलेनबुर्ग यांच्या गटात. ते आधी म्युन्स्टरला होते. तिथल्या आणि शेजारच्या रोक्सेल गावातल्या कंपोस्टच्या ढिगांतून त्यांनी रानटी अळ्या गोळा केल्या. प्रयोगशाळेतली जगभरची मानक अळी ब्रिस्टलजवळच्या अळिंब्यांच्या खतातून आलेली आणि दशकानुदशके एकाच जिवाणूच्या मऊ गादीवर लोळून जरा लाडावलेली. कंपोस्टमधली खरी अळी मात्र रोज शेकडो जिवाणूंत वावरते. कीलच्या मंडळींनी तिच्यासमोर ठेवलेला शत्रू म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस. या नावात थ्युरिंगन आहे हे तुमच्या लक्षात आले असेलच. १९११ साली थ्युरिंगनच्या एका गिरणीतून आलेल्या पिठातल्या पतंगाच्या मेलेल्या अळ्या एर्न्स्ट बेर्लिनर यांनी तपासल्या. (आडनाव वाचून जॅम भरलेला गोड बेर्लिनर आठवला तर दोष तुमचा नाही.) त्यांना त्यात एक जिवाणू सापडला आणि १९१५ मध्ये त्यांनी त्याला त्या प्रांताचे नाव दिले. जपानमध्ये इशिवाता यांनी तो १९०१ सालीच रेशमाच्या किड्यांत पाहिला होता, पण नाव टिकले ते थ्युरिंगनचे. संक्षेपात बीटी.

विदर्भात, मराठवाड्यात किंवा खानदेशात कुणी नातेवाईक असणाऱ्याला बीटी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. या जिवाणूची स्फटिकासारखी विषे किड्याच्या आतड्याला भोके पाडतात. त्यांतल्या एका विषाचे जनुक कापसात घालून झालेल्या बीटी कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली; २००६ मध्ये दोन विषे असलेला आला. माझे काका यवतमाळकडे कापूस करतात. पहिल्या काही वर्षांत त्यांनी फवारणीचा पंप खरोखर माळ्यावर टाकला होता. २०१७ च्या हंगामात शेंदरी बोंडअळीने राज्यभर बोंडे पोखरली, तेव्हा तो पुन्हा खाली आला. फोनवर ते एवढेच म्हणाले, “बाई, अळी शिकली.”

काकांचे वाक्य मला प्रयोगशाळेत कुणीही सांगितलेल्यापेक्षा जास्त उपयोगी पडले, कारण ‘शिकली’ या एका शब्दात दोन अगदी वेगळ्या गोष्टी लपल्या आहेत. एलेगन्सला बीटीचे विष लागले की काही तासांत पी-३८ची साखळी हलते, भोके पडलेल्या पेशी सावरणारी पाने उघडतात. ही एका आयुष्यातली गोष्ट. पाने तीच, फक्त उघडली. ही अळी मेली की तिच्याबरोबर तो प्रतिसादही संपला. शेंदरी बोंडअळीचे तसे नाही. तिच्या काही वंशांत विष ज्याला चिकटते त्या आतड्यावरच्या प्रथिनाचे जनुकच बदलले. पान उघडले नाही, पानच बदलले, आणि ते लेकरांना जसेच्या तसे मिळाले. प्रयोगशाळेत एलेगन्सच्याही अशा अळ्या सापडल्या आहेत, ज्यांच्या आतड्यावर विष पकडणारी साखर नाही म्हणून विषाला धरायलाच जागा नाही.

कीलच्या गटाने हे बदलणे घडताना पाहिले. त्यांनी अळी आणि बीटी यांना एकमेकांसमोर ठेवून दोघांनाही बदलू दिले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग अळीच्या ४८ पिढ्या चालला. माणसाच्या हिशेबात ४८ पिढ्या म्हणजे बाराशे वर्षे, महाराष्ट्रात राष्ट्रकूट राज्य करत होते तिथपासून आजपर्यंत. अळ्या गोठवून ठेवून पुन्हा जिवंत करता येतात, त्यामुळे खापरपणजीला उठवून खापरपणतीशेजारी बसवता येते. एवढ्या काळात दोघेही बदलले. २०१५च्या पुढच्या कामात दिसले की समोरची अळीही बदलत असेल, तर बीटीच्या जातींतली सर्वांत जहाल जात प्रत्येक वेळी बाकीच्यांना बाजूला सारते. अळी बदलू दिली नाही तर ती काहीच वेळा जिंकते. म्हणजे जहालपणा एकट्या जिवाणूचा स्वभाव नाही, तो चालू भांडणातून येतो. शेतात मात्र भांडणाचा एक पक्ष बांधून ठेवलेला असतो: कापसातले विष दर वर्षी तेच, बदलते ती फक्त अळी. म्हणूनच कडेने साध्या कापसाच्या ओळी लावा, म्हणजे विष न पचलेल्या अळ्याही जगतील आणि बदललेल्यांशी संकर होईल; फरदड घेऊ नका, म्हणजे अळीची साखळी तुटेल, असा सल्ला होता. तो कागदावर चोख होता. पाच एकरांतल्या माणसाने त्यातल्या काही ओळी अळीला दान द्याव्यात, ही अपेक्षा कुणी आणि कुठे बसून केली, असा प्रश्न काका विचारतात. माझ्याकडे त्याला उत्तर नाही.

क्योल्नचा एक प्रयोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. ब्योर्न शूमाखर यांच्या गटाने २०१३ मध्ये पाहिले की अळीच्या फक्त प्रजननपेशींतल्या डीएनएला इजा झाली, तरी बाकी शरीर संसर्गाविरुद्धची पाने उघडते. रोगजंतू कुठेच नसताना. आणि त्यामुळे ते शरीर उष्णतेसारखे ताण जास्त सोसते. पुढची पिढी दुरुस्त होईपर्यंत आईने तग धरावा, असा त्याचा अर्थ लावला जातो. मी हे आईला फोनवर सांगितले. ती म्हणाली, “हे शोधायला क्योल्नला कशाला जायला हवं?”

ताण आणि संसर्ग यांच्या आठवणी पुढच्या पिढीला मिळतात का, यावर सध्या भांडण जोरात आहे. २०१९ मध्ये प्रिन्स्टनच्या कोलीन मर्फी यांच्या गटाने जाहीर केले की स्यूडोमोनासला टाळायला शिकलेल्या अळीचे हे शहाणपण चार पिढ्या उतरते. त्यानंतर दुसऱ्या एका प्रयोगशाळेला तो परिणाम मिळाला नाही, तिसरीला मिळाला. मी अजून कुठल्या बाजूला नाही. पण ‘आजीचे दुःख नातीच्या जनुकांत’ असल्या मथळ्यांनी जी पुस्तके इथल्या विमानतळांवर खपतात, ती मी परत फळीवर ठेवते. अळीत सिद्ध झालेले माणसात आपोआप लागू होत नाही. पी-३८ दोघांत आहे हे खरे, पण आपल्या प्रतिकारशक्तीचा एक मुख्य सूत्रधार, एनएफ-कप्पा-बी, अळीत मुळी नाहीच.

कंपोस्टकडे परत यायचे तर, कीलच्या लोकांना रानटी अळीच्या पोटात मित्रही सापडले. २०१६ साली त्यांनी तिच्या आतड्यातल्या जिवाणूंची पहिली सविस्तर यादी केली. २०१९ मध्ये दाखवले की त्यांतले दोन स्यूडोमोनास (हो, त्याच कुळातले, पण सभ्य) अळीला बीटीपासून वाचवतात. एक तर बीटीला थेट रोखणारे रसायनच बनवतो. विरजणाची वाटी जपून इथपर्यंत आणणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगताना मला बरे वाटते.

कुणाला ही अळी पाहायची असेल तर कंपोस्टमधले अर्धे कुजलेले सफरचंद घ्या, तुकडा बशीत पाण्याच्या दोन थेंबांत ठेवा आणि तासाभराने मुलांच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरा. सूत्रकृमी बऱ्याच जातींच्या दिसतील, त्यांत एलेगन्स असेलच असे नाही. वळवळणाऱ्यांत एखादी बारीक, काळपट, काठीसारखी ताठ पडलेली दिसली, आणि बशीला टिचकी मारताच सुसाट पळाली, तर बहुधा ती डाउअर.

काकांनी यंदा अर्ध्या रानात तूर टाकली आहे.